डावी बाही

डिंपलच्या सासरी सकाळचा पहिला आवाज नणंदेचा असायचा. रंजीताबाई उजाडायच्या आत उठे, तुळशीला पाणी घाली आणि सोबत देवाचं नाव घेत राही. तिनं लग्न केलं नव्हतं. धाकट्या भावाला, डिंपलच्या नवऱ्याला देवानंदला, आईपेक्षा तिनंच वाढवलेलं. घर चंद्रपूरकडच्या मूल गावापासून सात किलोमीटरवर, तलावाच्या काठी. मागं बांबूचं कुंपण, कुंपणापलीकडं पाणी. पावसाळ्याच्या तोंडी शिंगाड्याचे वेल लावायचे, दिवाळीत शिंगाडे काढायचे, बाकी वर्षभर मासे. पोट सगळं तलावावरच.

आषाढी एकादशीच्या आठवडाभर आधी देवानंद वेल लावायला डोंगा घेऊन गेला आणि परतला नाही. डोंगा सापडला. उलटला नव्हता, आतून कोरडा होता. अर्धे वेल तसेच, आणि चपला एकीशेजारी एक, देवळाबाहेर काढाव्यात तशा. चंद्रपूरहून शोधपथक आलं. पुरुषभर खोलीच्या तलावात त्यांनी पाच दिवस गळ फिरवले. काही लागलं नाही.

एकादशीला रंजीताबाईनं मौन धरलं, थेट कार्तिकीपर्यंत. त्याचं कोणाला नवल वाटलं नाही. बाईची व्रतं गावाला पाठ होती. नवल वाटलं ते तिच्या हातातल्या कामाचं. माळ्यावरचा गेल्या सालचा अंबाडीचा वाख तिनं खाली काढला, मांडीवर घासून सुतळी वळली आणि जाळं विणायच्या सुईनं सदरा विणायला बसली. अंबाडी हाताला कापते. आठ दिवसांत तिची बोटं चिरली. डिंपल शिवणकाम करायची. तिनं नायलॉनचा दोरा पुढं केला, तर बाईनं हसून मान हलवली.

शेजारचा झिंगू कुंपणावरून बोललाच, "या घरात धड बोलनारी आता एकटी डिंपल. थे बी माहेरी गेली, तं मंग कोंबड्याशी बोला."

त्याच दिवसांत कुंपणाच्या कोपऱ्यातल्या उंच बांबूवर एक पाणकावळा बसू लागला. पाणकावळे तलावावर पुष्कळ; पण ते मधल्या वाळक्या झाडावर, थव्यानं. हा एकटाच, आणि पाठ पाण्याकडं, तोंड घराकडं. बुडी मारून आला की दोन्ही पंख पसरून वाळवत उभा राही. डिंपल कपडे वाळत घालायला जायची, पण तो हलायचा नाही. तिला वाटे, कोणी आंघोळ करून आलाय आणि सदरा चढवून घ्यायला हात पसरून थांबलाय. मग स्वतःवरच चिडून ती पिळे झटकी.

भादव्यात एका सकाळी मागच्या दारच्या पाट्यावर मरळ माशाचं डोकं होतं. ताजं, स्वच्छ धुतल्यासारखं. डिंपलनं ते मांजराचं काम म्हणून टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी ती सासऱ्यांना, मुखरूंना, सहज विचारावं तसं विचारून आली. ते म्हणाले, पाणकावळा मासा अख्खा गिळतो, डोकं ठेवायची रीत नाही त्याची.

डिंपल पाट्याशी परत आली. मरळीचं डोकं तिला आवडतं हे घरात एकालाच ठाऊक होतं. ताटातलं काढून तो तिच्या वाटीत ठेवायचा, कोणी बघत नसताना.

त्या दिवशी तिनं डोकं टाकलं नाही. शिजवलं, पण खाववलं नाही.

भाऊबीजेला गावभर लगबग. ज्या बहिणीला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. दिवेलागणीला रंजीताबाई ताट घेऊन मागच्या दारी गेली. चंद्राची कोर समोर होती. बाईनं तिच्याकडं पाहिलंही नाही. बांबूखाली उभी राहिली आणि तिथं ओवाळलं. पंख पसरलेलेच होते. निरांजनाच्या ज्योतीनं पाखरू बिचकून उडायला हवं होतं. त्यानं मान खाली वाकवली, कुंकू लावून घ्यायला माणूस वाकवतो तशी.

दारातून सासूनं, भागीरथाबाईनं, हे पाहिलं. रात्री जेवताना ती म्हणाली, आता पुरे झालं. देह नाही मिळाला तर पळसाच्या पानांचा करतात आणि त्याला अग्नी देतात. मूलचे महाराज सगळं सांगतात. पोरगा पाण्यात अडकून राहिला तर त्याची सुटका कधी? मुखरूंनी हातातला घास तेवढा ताटात ठेवला.

महाराजांनी पंचांग पाहिलं. नवमीला पंचक लागत होतं, पंचकात हे करायचं नाही. म्हणून अष्टमीच ठरली.

अष्टमीच्या सकाळी मागच्या काठावर पळसाची पानं मांडली गेली. दर्भाच्या दोऱ्यांनी हात, पाय, छाती बांधली. डोक्याच्या जागी नारळ. घरात रंजीताबाई सदऱ्यावर वाकलेली होती. अंग झालं होतं, उजवी बाही झाली होती. डावी खांद्यापुरती. सुई इतकी वेगानं चालत होती की बोटांचं रक्त सुतळीत मुरत होतं.

भागीरथाबाई आत आली. "डिंपल, तुझा नवरा आहे, तूच सांग. करू ना आता? का अजून थांबायचं?"

रंजीताबाईनं मान वर केली. डिंपलकडं पाहिलं आणि तीन बोटं दाखवली. आज अष्टमी; एकादशीला तीन दिवस. डिंपलला कळलं, अगदी स्वच्छ कळलं. त्या दोघींत तोंड उघडू शकणारी तीच होती, आणि तिनं नुसतं म्हटलं असतं, आई, तीन दिवस थांबा, तर भागीरथाबाई थांबलीही असती.

पण चार महिने ती ना सवाशीण होती ना विधवा. बाजारात बाया आधी तिच्या कपाळाकडं बघत, मग तिच्याकडं. बल्लारपूरहून आईचा फोन रोज येई. डिंपल थकली होती. काहीतरी एक व्हावं, एवढंच तिला वाटत होतं.

"करा," ती म्हणाली.

बाया कुंपणाशी थांबल्या. मुखरूंच्या हातात वाळक्या गवताची पेटती चूड होती. बांबूवर पाखरू नव्हतं.

चूड पानांना टेकली. पानं ओलसर होती, नुसता धूर झाला.

तेवढ्यात रंजीताबाई कुंपण ओलांडून गेली. कोणी अडवायच्या आत तिनं सदरा पानांच्या देहावर घातला. उजवी बाही उजव्या हातावर नीट ओढली. डावीकडं ओढायला काही नव्हतं.

धूर दाट झाला. मुखरू खोकत मागं सरले.

वरून पंखांचा आवाज आला. एकच, जड.

मग धुराच्या पलीकडं कोणीतरी खोकलं.

वारा फिरला. पानं पेटून राख होत होती. नारळ काळा पडला होता. पानांवर सदरा नव्हता.

लव्हाळ्यातून देवानंद चालत वर आला. कमरेपर्यंत चिखल, अंगात अंबाडीचा सदरा. डावा हात त्यानं पाठीमागं धरला होता.

भागीरथाबाईनं त्याचं तोंड धरून जो हंबरडा फोडला, तो ऐकून अख्खं गाव काठावर धावलं.

पुढं गावानं आपल्यापुरतं ठरवून टाकलं. देवानंद तेलंगणात मजुरीला गेला होता, घरी भांडण असेल, लाज वाटली असेल. पोलिसांनीही तसंच लिहून घेतलं. त्याला स्वतःला काही आठवत नव्हतं, "थंड होतं" एवढंच.

रंजीताबाई एकादशीपर्यंत गप्पच राहिली. त्या सकाळी तुळशीला पाणी घालून तिनं देवाचं नाव घेतलं; चार महिन्यांनी घरात तो आवाज आला. मग स्वयंपाकघरात येऊन डिंपलजवळ बसली. रागावून नाही, पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तीनच दिवस मांगतले होते वं मी."

"मले समजलं होतं, बाई."

"माहीत आहे मले," रंजीताबाई म्हणाली, आणि चिरलेल्या बोटांनी भाजी निवडू लागली.

देवानंद आता पूर्ण बाह्यांचेच शर्ट घालतो. ते डिंपल घरीच शिवते. डावी बाही उजवीपेक्षा दुप्पट रुंद, आणि मनगटाशी बंद. आत काय आहे ते तिनं पाहिलंय. त्याबद्दल ती कोणाशी बोलत नाही. तिनं एकादशी धरलीय, आणि एका बाहीपुरता अंबाडीचा वाख माळ्यावर साठवून ठेवलाय.

मरळीचं डोकं अजून तिच्याच वाटीत येतं. आंघोळ झाली की तो मागच्या दारी उन्हात उभा राहतो, दोन्ही हात पसरून. थोड्या वेळानं उजवा हात दुखतो आणि खाली येतो.

डावा वाळेपर्यंत खाली येत नाही.