नव्या ब्लँकेटांची चोरी

"शहरानं दिलेली नवी ब्लँकेटं चोरीला गेली आहेत," वकील कमलाकांत राजूरकर खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले. "चोर मला माहीत आहे. तुम्ही फक्त पुरावा द्या."

हर्षा वानखडेनं त्यांना पाणी दिलं. विम्याचे खोटे दावे पकडण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. आता अमरावतीत तिची स्वतःची शोधसंस्था होती. निवृत्त हवालदार धर्मपाल तिचा मदतनीस. त्याला संशय लवकर येई, उलगडा उशिरा होई.

सुदानमधल्या युद्धात घरदार सुटलेली कुटुंबं छावण्यांत थंडीनं कुडकुडत होती. त्यांच्यासाठी नवी ब्लँकेटं द्या, असं सांगून कमलाकांतांच्या समितीनं घरोघरी पांढऱ्या पिशव्या वाटल्या होत्या. लोकांनी त्या भरून, तोंड बांधून हॉलमधल्या समारंभात मंचावर आणून दिल्या. पिशव्या भरलेली पोती पुंजारामच्या ट्रकनं अकोल्याला अब्दुल रहीम यांच्या गोदामात गेली. तिथं मदतसंस्थेच्या माणसानं काही पोती उघडली, तर आत निव्वळ चिंध्या!

"अब्दुल रहीमला मी भर बाजारात चोर म्हटलं," कमलाकांत म्हणाले. "गोदामाची किल्ली त्याच्याकडेच होती."

"नवं ब्लँकेट तुम्ही स्वतः पाहिलं होतं?"

"चांगल्या घरची माणसं! त्यांच्यासमोर पिशवी उघडून बघायची का?"

हर्षानं गाडीची किल्ली उचलली.

दुपारी हर्षा आणि धर्मपाल अकोल्यात पोचले. अब्दुल रहीम सरकीचे व्यापारी. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यांची मुलगी अनीसा दाराआड उभी होती.

"भाडं न घेता जागा देली, हाच माहा गुन्हा," ते म्हणाले. "आता पोरगी कॉलेजात जात नाई. पाहा, काय पाहाचं ते."

धर्मपाल कुजबुजला, "मॅडम, लय गोड बोलून राह्यला."

गोदामात न उघडलेली प्लास्टिकची पोती रचलेली होती. हर्षानं एकाच्या तोंडावरची शिलाई बोटानं चाचपली. केशरी दोरा, तिरपे टाके. एक टाका तिनं उसवला. प्लास्टिकमध्ये सुईचं भोक तसंच राहिलं. मग तिनं प्रत्येक पोत्याचं तोंड उजेडात धरून पाहिलं. भोकांची ओळ सगळीकडे एकच होती.

उसवलेलं पोतं तिनं रिकामं केलं. पिशव्यांतून विटक्या चादरी, फाटकी मच्छरदाणी, गॅदरिंगचा चमकीचा झगा, बाह्या विरलेले शर्ट निघाले.

"भंगारवाल्याकडून आणलं असन," धर्मपाल म्हणाला.

"शर्टांची बटणं बघ. झग्याची चेनही बघ."

"जागच्या जागी हायेत."

"चिंध्यांचा व्यापारी ती आधी काढून घेतो."

गोदामापाशी ट्रक घेऊन आलेल्या पुंजारामला धर्मपालनं दटावून विचारलं. तो उखडला. "कावून थांबू मी वाटेत? गाडी सुटली ते इथंच लागली. मले तं पोतेच देले, बंद."

एक शिवलेलं पोतं घेऊन हर्षा संध्याकाळी कमलाकांतांच्या घरी गेली. ते बाहेर होते. त्यांच्या पत्नी विमलताईंनी शिलाई पाहिली.

"टाके माझेच आहेत. मंचासमोर बसून, लोकांदेखत सगळी पोती मीच शिवली."

पोत्यात काय आहे, हे त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कमलाकांतांच्या दिवाणखान्यात सगळे जमले. अब्दुल रहीम दारापाशीच उभे राहिले.

"बोला," कमलाकांत म्हणाले. "गोदामात बदलली की ट्रकमध्ये?"

"कुठंच नाही," हर्षा म्हणाली. "पोतं उसवून पुन्हा शिवलं असतं, तर भोकांची दुसरी ओळ दिसली असती. पोतीच बदलली म्हणाल, तर टाके विमलताईंचे आहेत. म्हणजे शिवतानाच आत हे कपडे होते."

"मग हॉलमध्येच कोणी बदलले?" धर्मपालनं विचारलं.

"पिशव्या मंचावरून थेट पोत्यांत गेल्या, सगळ्यांसमोर. आणि कपडे भंगारातले नाहीत, घरांतले आहेत. वकीलसाहेब, नवं ब्लँकेट कोणीच पाहिलं नाही, कारण ते नव्हतंच. चोरी झालीच नाही. आपल्या शहरानं दिलं ते हेच."

"अशक्य!" कमलाकांत उठले. "निदान आमच्या घरची पिशवी—"

"आपल्या पिशवीत जुनी चादर होती," विमलताई खाली बघत म्हणाल्या. "वाटलं, तिकडे चालून जाईल. परवा तुम्ही यांना चोर ठरवून घरी आलात, तेव्हाच मला कळलं होतं. सांगायला जीभ रेटली नाही."

कमलाकांतांनी अब्दुल रहीमांकडे पाहिलं, आणि लगेच नजर वळवली. पुंजाराम गुपचूप बाहेर गेला.

"येतो मी," अब्दुल रहीम म्हणाले. "दुकान बंद हाये."

दोन दिवसांनी कमलाकांत अकोल्याच्या बाजारात गेले. सोबत हर्षा आणि धर्मपाल होते. दुकानासमोर त्यांनी हात जोडले, हळू आवाजात काहीतरी म्हणाले.

"आयकू नाई आलं," अब्दुल रहीम म्हणाले.

कमलाकांत पुन्हा बोलले, मोठ्यानं. "मी तुम्हाला चोर म्हटलं. खोटं होतं ते. चिंध्या आम्हीच भरल्या होत्या." शेजारचे दुकानदार बाहेर आले होते. अब्दुल रहीमांनी मान हलवली, पण 'बसा' म्हटलं नाही. अनीसानं आत जाऊन दार लावून घेतलं.



"मॅडम," परतताना गाडीत धर्मपालनं विचारलं, "ते पोते तसेच तिकडं गेले असते तं?"

"मदतसंस्थेनं पोती अडवली. छावणीतल्या लोकांना यातलं काही कळणार नाही. ब्लँकेटं मात्र त्यांना अजून मिळालेली नाहीत."

"कळलं नाई, तेच बरं. आपली अब्रू वाचली," धर्मपालच्या तोंडून निघून गेलं.

हर्षानं त्याच्याकडे पाहिलं. अमरावतीजवळचं बडनेरा येईपर्यंत त्यानं मान वर केली नाही.