उखाणा कुणाच्या तोंडी

“अहो स्टुडिओवाले, आधी माझं तोंड बंद करा!”

गजेंद्रशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. आता साठी आली, तरी आठवलं की हसू येतं.

नव्याण्णव साल. सुरतजवळ भेस्तानला आमच्या घराजवळच त्याचा छोटासा स्टुडिओ होता. लग्नाच्या फिल्म कॉम्प्युटरवर जोडायची तेव्हा सुरतेत नवी हौस. माझ्या धाकट्या बहिणीची, स्वातीची फिल्म त्यानेच केलेली. मंगलाष्टकांपर्यंत सगळं झकास. पुढे मात्र आवाज हळूहळू मागे पडत गेला. बारडोलीला सासरच्या उंबरठ्यावर स्वाती उखाणा घेते... तिचे ओठ मिटतात, कॅमेरा माझ्याकडे वळतो. मी पाठराखीण, तिला ‘उजवा पाय आधी’ म्हणतेय, आणि नेमकं तेव्हाच ऐकू येतं, ‘नितीनरावांचं नाव घेते!’

आई टीव्हीसमोरून उठलीच. “मंदा, हाई काय वं? जवाईनं नाव तुन्हा तोंडमा!”

मी तेहतिशीची, बिनलग्नाची थोरली बहीण, आणि माझ्या तोंडी स्वातीच्या नवऱ्याचं नाव! रविवारी स्वातीच्या सासरी सगळा गोतावळा फिल्म बघायला बसणार. टोमणे मारायला लोकांना एवढं पुरे होतं.

कॅसेट घेऊन मी तडक स्टुडिओत गेले. गजेंद्रने तो तुकडा पाहिला. हसू दाबलं, पण दाबलं गेलं नाही.

“आवाज शोभतोय हं तुम्हाला, बेन.”

“बेन म्हणू नका, मी काही तुमची बहीण नाही. दुरुस्त करा!”

“करतोय हो. सुरुवात जुळवली तर शेवट सुटतो, शेवट ओढला तर मंगलाष्टकं बिघडतात. चित्र पुढे चालतं, आवाज रेंगाळतो. दोन्ही टोकांना अशी जागा हवी, की दिसतं तेव्हाच वाजतं. मग मधला आवाज आवळून बसवता येईल. सुरुवातीला मंगलाष्टकांनंतरची टाळी आहे. शेवटी काहीच सापडत नाही.”

“ओठ बघून जुळवा की.”

“बघतोय... पण नजर पाठराखिणीकडे जाते.”

मी उगाच ओढणी सारखी केली.

दोन दुपारी आम्ही त्या पडद्यासमोर बसलो. मध्ये खायला गरम लोचो, चहा, आणि पुन्हा तोच उंबरठा. ‘बेन’ कधी गळून पडलं, कळलंही नाही. दुसऱ्या दुपारी पडद्यावर स्वातीचा पाय पुढे आला आणि मी ओरडले, “थांबा! माप!”

“कसलं माप?”

“लग्न झालेलं दिसत नाही तुमचं.”

“नाही झालेलं. बरं झालं विचारलंत.”

“अहो, तांदळाचं माप! पायाने लवंडलं तेव्हा फरशीवर टण्णकन वाजलं होतं. पितळी होतं.”

त्याने कपाळावर हात मारला. “भांड्यांचा गोंगाट समजून मीच तो आवाज दाबून टाकला!”

आवाज पुन्हा मोठा केला. एका टोकाला टाळी, दुसऱ्या टोकाला माप. मधलं सगळं आवळलं. माप लवंडलं... टण्ण! उखाणा स्वातीच्या ओठांवर परतला. माझ्या तोंडी माझंच ‘उजवा पाय आधी’ आलं.

“झालं,” तो म्हणाला. एवढं मोठं काम फत्ते झालं, तरी चेहरा पडलेला. “आता तुम्हाला इथे यायला काही कारण नाही.”

मी म्हटलं, “कॅमेऱ्यातच दोष असेल तर? चाचणी घ्या ना... टाळी वाजवते, दोन ओळी बोलते.”

त्याने कॅमेरा लावला. मी टाळी वाजवली.

“ओठांशी जुळला माझा आवाज,
गजेंद्ररावांचं नाव घेते, उशीर नको आज!”

त्याने टेप मागे नेली, लावली. पुन्हा मागे नेली.

“जुळतंय?” मी विचारलं.

“खात्री करतोय,” म्हणत त्याने तिसऱ्यांदा लावली. मग उठून स्वतःच कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. “बटण दाबा. आता माझी टाळी.”

टाळी वाजवली, काहीतरी बोलला... इतकं हळू, की पंख्याच्या घरघरीत विरून गेलं. टेप लावून बघतो तर आवाजच नाही! घाईत त्याचा पाय माईकच्या वायरीत अडकून ती सुटली होती. पडद्यावर नुसते हलणारे ओठ.

“अरेरे... परत बोलू?” तो कानापर्यंत लाल झाला.

“नको,” मी म्हटलं. “दोन दुपारी ओठच वाचतेय मी. आईला कधी भेटायला येता, ते सांगा.”