छताआडच्या वायरी

"टिटवे, वर बघ! छताला पोट सुटलंय!" ढब्बू खिदळला.

टिटवीनं वर पाहिलं. शिबिराच्या सभागृहात एका कोपऱ्यात खोट्या छताची फळी झुकली होती आणि फटीतून जाड काळी वायर लोंबत होती. तिच्या धाकट्या भावाला, ढब्बूला, सगळ्यातच गंमत दिसायची. त्यांचा दोस्त लंबू मात्र पांढराफटक पडला.

"बाबा अशाच वायरींत अडकले होते," तो पुटपुटला.

लंबूचे बाबा अग्निशमन दलात होते. गेल्या वर्षी एका आगीत छत कोसळलं, वरच्या वायरी जाळ्यासारख्या अंगावर आल्या. धुरात त्यांना सुटताच आलं नाही.

तिघं व्यवस्थापकांकडे धावले.

"काका, ते छत..."

"नसत्या उचापती नकोत! खेळायला आलात ना? खेळा!"

टिटवीनं थेट मावशीला फोन लावला. मावशी वीज निरीक्षक होती.

"वायर फळीवरच टेकलीय? आणि बांधलीय कशानं?"

"सुतळीनं!"

"आधी सगळ्यांना बाहेर काढा! कशाला हात लावू नका. निघालेच मी!"

पण पोरांचं ऐकतो कोण? ढब्बू खुर्चीवर चढला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "साप! साप!"

सभागृह रिकामं झालं. सगळ्यात पुढे व्यवस्थापक! बाहेर येताच त्यांनी ढब्बूचा कान पिरगाळला. "कुठाय रे साप?"

तेवढ्यात आत कडाड्कन आवाज झाला. चिमुरडी पोरं बसली होती तिथेच फळी आदळली, पाठोपाठ वायर. ठिणगी उडाली, दिवे गेले. कान सुटला.

मावशीनं आल्याबरोबर मुख्य स्विच बंद केला, वायरीत वीज नसल्याची खात्री केली आणि शिडी लावली.

"वायरीचा भार पक्क्या स्लॅबनं पेलायचा, खोट्या छतानं नव्हे," ती कडाडली. "ठरावीक अंतरावर वायर धरणारी पकड हवी. इथे सबंध वायरीला एकच, आणि तीही इतकी आवळलीय की आवरण चिरलंय!"

"पण दिवे तर लागत होते..." व्यवस्थापक चाचरले.

"दिवे लागतात म्हणून वायर सुरक्षित होत नाही!" तिनं सभागृहाला टाळं ठोकायला सांगितलं.

व्यवस्थापक टाळं आणायला धावले. बातमी कळून धावत आलेल्या आईबाबांनी पोरांना जवळ घेतलं, ढब्बूची पाठ थोपटून थोपटून लाल केली. लंबू एकटाच शिडीपाशी उभा होता.

"मला वर बघायचंय."

मावशीनं त्याला विजेरी दिली आणि शिडी घट्ट धरली. त्यानं विजेरीचा झोत एकेका कोपऱ्यात फिरवला.

"मावशी, पलीकडच्या कोपऱ्यातही सुतळीच आहे," तो वरून म्हणाला. आवाज कापत होता, पण विजेरी स्थिर होती.

"शाबास!" मावशी म्हणाली. "ते माझ्याही नजरेतून सुटलं होतं."