श्वास न घेणारी गायिका

"थांबा! थांबा! हे आपलं गाणं आहे!"

घोगरीनं सायकलचा ब्रेक असा करकचून दाबला, की मागून येणारा गोट्या तिच्यावर आणि चष्मिस गोट्यावर जाऊन आदळला.

"ब्रेक दाबायच्या आधी सांगत जा ना!" गोट्या कोपर चोळत ओरडला.

"गप! ऐक!"

खुल्या नाट्यगृहाच्या स्पीकरमधून गिटार खणखणत होती, ड्रम धडधडत होते आणि त्यावर एक मुलगी काचेसारख्या लख्ख आवाजात गात होती. गंमत म्हणजे, ती मुलगी जगात कुठेच नव्हती! ती राहायची चष्मिसच्या लॅपटॉपमधल्या एका सॉफ्टवेअरमध्ये. शब्द टाइप करायचे, एकेक सूर माउसनं वर-खाली ओढायचा, की बाई गायला तयार.

शब्द आणि चाल मात्र घोगरीची. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गंजलेलं दार ओढल्यासारखा यायला लागला. तेव्हापासून ती बाथरूममध्येसुद्धा गायली नव्हती. अख्खी सुट्टी खपून तिनं आपलं गाणं एकेक अक्षर करत त्या यंत्रातल्या मुलीच्या गळ्यात उतरवलं होतं.

शिडीवर चढून वायरी बांधत होते स्टुडिओवाले काका. त्यांच्याच स्टुडिओत गोट्याचे ड्रम फुकटात रेकॉर्ड झाले होते. माणूस अगदी दिलदार! खोड एकच, समोरच्याचं वाक्य ते स्वतःच पूर्ण करून टाकायचे.

"काका, हे गाणं..."

"झकास आहे ना! माझ्या भाचीनं गायलंय! आज संध्याकाळी इथे स्टेजवर गाणार!"

"पण काका, ते तर आमच्या..."

"तुमच्याच वयाची आहे! या हं सगळे टाळ्या वाजवायला!"

घोगरीनं सायकल तिथेच आडवी टाकली. संध्याकाळी सगळं गाव टाळ्या वाजवणार आणि तिचं गाणं कायमचं दुसरीचं होऊन जाणार!

"चोरी! दिवसाढवळ्या चोरी!" गोट्या तापला. "पण यांच्याकडे गेलंच कसं?"

दोघांनी चष्मिसकडे पाहिलं. तो भलत्याच मन लावून चष्मा पुसत होता.

"त्या दिवशी ड्रम झाल्यावर..." तो पुटपुटला, "मी गाणं काकांच्या कॉम्प्युटरवर ठेवलं. कुठल्या फोल्डरमध्ये ते नीट बघितलं नाही. एका हातात बिस्किटं होती ना!"

"आणि तो फोल्डर भाचीच्या गाण्यांचा असणार!" घोगरीनं कपाळाला हात लावला. "तरी पण तिनं सांगायला नको? चला, धरू तिला!"

स्टेजमागच्या मेकअपच्या खोलीत एक मुलगी आरशासमोर उभी राहून तिसरं कडवं गात होती. चेहरा पार जांभळा! तिला जोराचा ठसका लागला, आरशात तिघं दिसली आणि तिनं भोकाडच पसरलं.

"तुमचं आहे का हे गाणं? सुटले बाई! अगं, मामाला कितीदा सांगायला गेले. 'मामा, हे मी...' एवढं म्हटलं की तो म्हणतो, 'गायलंस, माहितेय!' आणि हे तिसरं कडवं कोण गाणार गं? श्वास घ्यायला जागाच नाही!"

घोगरीनं जीभ चावली. त्या सॉफ्टवेअरमध्ये श्वाससुद्धा हातानं टाकावा लागतो. पहिल्या दोन कडव्यांत तिनं टाकला होता. तिसऱ्याच्या वेळी आई जेवायला हाका मारत होती, त्या घाईत राहिलाच. यंत्रातल्या मुलीला फुप्फुसंच नाहीत, ती कशाला तक्रार करतेय!

भाचीचा रडवेला चेहरा बघून घोगरीचा राग कुठल्या कुठे पळाला. आणि मग तिचे डोळे चमकले.

"काका आपल्याला बोलू का देत नाहीत?"

"छातीत हवा फार आहे म्हणून!" गोट्या म्हणाला.

"मग ती काढून घेऊ या!"

चौघं काकांपुढे जाऊन उभी राहिली. गोट्यानं चेहरा गरीब केला. "काका, हिला तिसरं कडवं जमत नाहीये. तुम्ही म्हणे पूर्वी..."

"गायचो! अरे, मी गायला लागलो की खिडक्या थरथरायच्या! लाव ते कडवं!"

काकांनी बाही सरसावून सूर लावला. पहिली ओळ दणक्यात. दुसरीला कान लाल. तिसरीला डोळे बाहेर. चौथीला काका धप्पकन स्पीकरच्या खोक्यावर बसले, एक हात छातीवर, दुसऱ्यानं पाण्याची खूण! तोंड उघडं, पण शब्द बाहेर पडेना.

"आत्ता!" घोगरी ओरडली.

"मामा, हे मी गायलेलंच नाही!" भाची एका दमात म्हणाली.

"हे कुणीच गायलेलं नाही!" चष्मिसनं लॅपटॉप उघडला, खटाखट शब्द बदलले आणि बटण दाबलं. तोच काचेसारखा आवाज गायला, "काका, आधी ऐकून घ्या!"

काकांनी स्टेजभर नजर फिरवली, मग लॅपटॉपकडे पाहिलं. "म्हणजे ही पोरगी..." आणि आज पहिल्यांदाच त्यांना स्वतःचंही वाक्य पूर्ण करता आलं नाही. घोगरीनं त्यांना सगळी हकिकत सांगितली. शेवटपर्यंत!

"चुकलंच माझं," काका भाचीच्या डोक्यावर हात ठेवत म्हणाले. "संध्याकाळी मीच सगळ्यांना खरं सांगतो. पण पोरांनो, त्या कडव्यात श्वास हवाच. ऐकणारासुद्धा गुदमरतो रे!"

"जागा करतो," चष्मिस म्हणाला. "मशीनचा श्वास टाकू?"

"मशीनचा कशाला? हिचाच घेऊ," भाची म्हणाली. "गाणं हिचंच आहे ना?"

"माझा? अगं, माझा घसा म्हणजे..."

"श्वासाला कुठे सुरात असावं लागतं!" गोट्यानं विषय संपवला.

संध्याकाळी नाट्यगृह गच्च भरलं. काकांनी घोगरीला पुढे बोलावून गाणं तिचं असल्याचं जाहीर केलं आणि आपली चूकही सांगितली. गोट्या ड्रमवर, चष्मिस लॅपटॉपवर, भाची धृपदाला साथीला.

तिसरं कडवं आलं. मध्येच सगळी वाद्यं थांबली.

घोगरी माइकजवळ सरकली. तिनं डोळे मिटले आणि श्वास घेतला. खरखरीत, खोल, छातीभर! स्पीकरमधून तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला. पुढे बसलेल्या आईनंही नकळत तिच्याबरोबर श्वास ओढला. आणि धाडकन ड्रम कोसळले!

टाळ्या थांबेनात. काका धावतच स्टेजवर आले.

"पोरी, गाणं तर फक्कडच! पण तो श्वास! तो कुठल्याही मशीनला..."

"जमणार नाही, माहितेय!" चौघं एकदम ओरडली.