कोरड्या शेतातली पाणीरेषा

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण हे घडलंय, आणि आमच्याच घरातल्या माणसाबरोबर घडलंय.

बेर्नादेता माझी नणंद. माती तपासणारी बाई. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून भांडी घासायला जाणारी.

तारीख अकरा मार्च. रिब्निक शहराच्या पुढे, कोळशाच्या खाणीला लागून डोल्ने स्टावी नावाची सहा घरांची वस्ती आहे. दुपारचे दोन वाजले होते. लख्ख ऊन होतं.

आमच्याकडे खालून कोळसा काढला की वरची जमीन खचते, खोलगट होते आणि तिथं पाणी साचतं. ही वस्ती पाण्याखाली जाईल का, एवढंच बेर्नादेताला अहवालात सांगायचं होतं. 'धोका आहे' लिहिलं तर सहा कुटुंबांना नवी घरं देऊन उठवणार. 'नाही' लिहिलं तर खाण त्यांच्या खालून पुढे सरकणार.

सोबत गिंटर होता. अठ्ठावन्न वर्षांचा, गिरमिटानं भोकं पाडून माती काढून देणारा. अकरा वर्षं दोघं एकत्र काम करत होते.

"काय साहेब, आज तरी लवकर सोडणार का? बायकोनं खसखशीचा केक केलाय."

"आधी नळ्या बघू, मग केक."

जमिनीखालचं पाणी किती खोल आहे ते मोजायला शेतात सात नळ्या पुरलेल्या होत्या. प्रत्येकीच्या झाकणाला कुलूप, आणि किल्ली गिंटरकडे. नळीत मोजपट्टी सोडायची. तिच्या टोकाला पाणी लागलं की पट्टी गुंडाळलेला हातातला रीळ पीं वाजतो. साधं काम.

पहिल्या तिन्ही नळ्यांत पाणी चार मीटर खाली.

चौथी नळी ट्रुडा ओमाच्या कुंपणापाशी. ओमा म्हणजे आजी, सगळी वस्ती तिला तेच म्हणायची. बेर्नादेतानं टोक आत सोडलं, आणि...

पीं.

नळीच्या तोंडाशीच.

तिनं टोक बाहेर काढलं. कोरडं ठणठणीत.

तिनं गिंटरकडे बघितलं. तो खाली बघत होता.

"कुणी पाणी ओतलंय का यात?"

"किल्ली माझ्याकडे आहे ना."

"म्हणूनच विचारतेय."

गिंटर हसला, पण हसू अर्धंच राहिलं.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं... वस्तीत कुत्रं भुंकत नव्हतं. एकही नाही. आणि कोंबड्या अंगणात नव्हत्या. सगळ्या छपरावर बसून होत्या. भर दुपारी.

वरच्या मजल्याची खिडकी उघडली. ट्रुडा ओमा डोकावली.

"पोरी, तिथं फार वेळ उभी राहू नकोस."

"का हो ओमा?"

"गारठशील."

"ऊन पडलंय की! आणि तुम्ही वर काय करताय?"

"वरच राहते मी. खाली ओल लागते."

बेर्नादेता घरात गेली. खालच्या भिंती हातानं चाचपल्या. खडखडीत कोरड्या. पण खोली रिकामी होती. खुर्ची नाही, गालिचा नाही. भांडीकुंडी, येशूची तसबीर, सगळं छताजवळच्या फळ्यांवर.

आता तिचा संशय पक्का झाला. नवी घरं मिळावीत म्हणून वस्तीनं रचलेलं नाटक, आणि गिंटर त्यांना सामील.

ती तणतणत बाहेर आली. मोजपट्टी हातातच होती, टोक लोंबत होतं. जमिनीला न टेकता.

आणि ते वाजलं...

हवेत.

तिनं टोक वर उचललं. कमरेपर्यंत वाजत राहिलं. छातीपाशी थांबलं. खाली केलं... पीं.

तिनं बॅटरी बदलली. गाडीतून दुसरा रीळ आणला.

पीं.

ती शेतभर फिरली. पहिल्या तीन नळ्यांपाशीही आता ते हवेतच वाजत होतं. उंचवट्यावर टोक गुडघ्याशी वाजायचं, खोलगट भागात गळ्याशी. ओमाच्या घरापाशी खालच्या खिडकीच्या चौकटीला बरोब्बर. सगळीकडे एकच सपाटी. तळ्याच्या पाण्याला असते तशी.

पाणी मात्र कुठेच नव्हतं.

तिनं ती उंची नकाशावर मांडली. मग गिंटरवर ओरडली.

"काय केलंत यात? खरं सांगा! किती जणांनी मिळून केलंत?"

गिंटरनं किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात ठेवला.

"अकरा वर्षं माझ्या डब्यातलं खाल्लंस, बेर्नादेता. आणि मला चोर ठरवतेस?"

गाडीत तो मागे जाऊन बसला. पुन्हा कधी तिच्याबरोबर कामालाही आला नाही.

अहवाल लिहायला तिला तीन आठवडे लागले. हिशेब सांगत होता, धोका नाही. तिनं लिहिलं, धोका आहे, आणि नकाशावर त्या उंचीची रेष ओढली.

"हा आकडा कुठून आणलास?" कचेरीतल्या साहेबांनी विचारलं.

"मोजला."

खाण तिथं थांबली. पाच कुटुंबं शहरात गेली. ट्रुडा ओमा हलली नाही. दोन वर्षांनी वरच्याच खोलीत, झोपेत गेली. सुखानं गेली, म्हणतात.

आणि पाणी?

आजपर्यंत एक थेंब साचलेला नाही. खाणीचे लोक बेर्नादेताला हसतात. उगाच घरं सोडायला लावली म्हणून शहरात गेलेली माणसं रस्त्यात तिला ओळख देत नाहीत.

ती मला म्हणते, "गिंटरनंच काहीतरी केलं असणार. दोन्ही रिळांत. हो ना?"

मी हो म्हणते. तिला तेच ऐकायचं असतं.

पण दरवर्षी मार्चमध्ये ती तिथं जाते. एकटी. घरात कुणाला सांगत नाही. मलाही गेल्या महिन्यात कळलं, तिची वही हाती लागली तेव्हा. पाच वर्षांचे आकडे. प्रत्येक वर्षी रेष थोडी वर.

"आणि यंदा?" मी विचारलं. पान कोरं होतं.

तिनं वही माझ्या हातातून घेऊन मिटली.

"यंदा ओमाच्या कुंपणापाशी उभी राहिले. टोक डोक्यावर धरलं. मग टाचा उंचावून हात जेवढा जाईल तेवढा वर नेला..."

"मग?"

"थांबलंच नाही गं ते. वाजतच राहिलं."