सात नंबरची झडप

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मन्मथकाका माझे सख्खे चुलते, उदगीरचे. फौजेत सिग्नलमध्ये त्यांनी पंधरा वर्षं काढली. आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि ही हकिगत त्याच खोट्याची आहे.

वेळ रात्रीची नव्हती. भर दुपार होती. मे १९८३.

लातूर जिल्हा होऊन नऊ महिने झाले होते. कलेक्टर कचेरीत खुर्च्या कमी आणि जिल्ह्यात पाणी त्याहून कमी. काका टंचाई शाखेच्या टेलिफोन बोर्डावर बसायचे. फोन आला की त्या नंबरची पितळी झडप खट्कन पडायची. मग काका पिन खोचून बोलायचे. टँकर आला नाही, टँकर पाठवा. दिवसभर तेच.

सात नंबरला लाइन अजून जोडलीच नव्हती.

त्या दुपारी सातची झडप पडली…

काकांनी बोर्डामागे वाकून पाहिलं. तार नव्हती.

झडप वर केली. पुन्हा पडली. दोन छोट्या घंटा… एक लांब.

ही खूण त्यांच्या ओळखीची होती.

बारा वर्षांपूर्वी, बर्फाच्या डोंगरावर, दोन सिग्नल युनिटं शेजारी होती. दिवसरात्र एकमेकांच्या खोड्या. यांनी त्यांचा चहाचा डबा पळवायचा, त्यांनी यांच्या तंबूचे दोर सैल करायचे. शेजारच्या युनिटात उमरीचा सटवाजी होता, लाइनमन. काका आपल्या मुलखातले म्हणून जीव लावायचा, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त छळायचा. तपासणीच्या दिवशी त्याने काकांच्या रिसीव्हरला बूटपॉलिश फासलं. काळा कान घेऊन काकांनी साहेबांना सलाम ठोकला. दोन्ही युनिटं आठवडाभर हसत होती.

काकांनी ते मनात ठेवलं.

लाइनमनचा कायदा साधा. तुटलेली तार जोडायची आणि तिथूनच दोन छोट्या, एक लांब अशी घंटा द्यायची. बोर्डावरून ‘लाइन ठीक, वापस ये’ असा हुकूम आला की हुकूम देणाऱ्यापुढे हजर व्हायचं. हुकमाशिवाय जागा सोडायची नाही.

दोन्ही युनिटांची एक तार सामायिक होती. एका दुपारी ती जोडायला सटवाजी गेला. बोर्डावर काका होते.

"मन्मथ्या, लाइन ठीक हाय का? वापस येऊ का?"

काका गप्प. बाजूची पोरं तोंड दाबून हसत होती.

"हाव, हसून घे. लई थंडी हाय रे. वापस येऊ का?"

सात वेळा विचारलं त्याने. मग बर्फाचा कडा कोसळल्याचा आवाज आला…

सटवाजी सापडला नाही. चौकशीत काका म्हणाले, लाइन मेलेली होती, घंटा आलीच नाही. पोरांनीही तोंड उघडलं नाही. सटवाजीच्या नावापुढे लिहिलं गेलं, काम अपुरं.

आणि आता लातुरात त्याच घंटा.

काकांनी सातमध्ये पिन खोचली. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि रिसीव्हर कानाला बर्फासारखा गार लागला. आत वारा घोंघावत होता.

"वापस येऊ का?"

काकांनी पिन उपसली.

तीन दुपारी हेच झालं. शिपाई गुरुबसप्पाला झडप पडलेली दिसायची. ऐकू काही येत नव्हतं.

चौथ्या दिवशी काकांनी एसटीने उमरी गाठली. सटवाजीची आई, साखराबाई, रिकामी घागर घेऊन ओट्यावर टँकरची वाट बघत होती. तिचे पाय धरून काकांनी सगळं सांगितलं.

म्हातारी रडली नाही.

"तूच व्हय तो," ती म्हणाली. "बारा सालं झाली. रोज दुपारी लेकरू दाराशी येऊन उभं ऱ्हातंय. आत ये म्हणलं की म्हणतंय, हुकूम न्हाई आला, माय."

"मी देतो हुकूम."

"दे बाबा. मरायच्या आधी एकदा जेवू घालीन त्याला."

दुसऱ्या दिवशी दुपारी झडप पडली. काका रडत रडत म्हणाले, "लाइन ठीक हाय, सटवाजी. वापस ये."

वारा थांबला. पलीकडे कुणीतरी खुदकन हसलं… अगदी पहिल्यासारखं.

सातची झडप पुन्हा कधी पडली नाही.

"मन्मथअण्णा, कानाला काळं काय लागलंय?" गुरुबसप्पाने विचारलं.

पॉलिश होतं. रिसीव्हर मात्र स्वच्छ होता.

काकांना वाटलं, सुटलो एकदाचे. पंधरा दिवसांनी पेढे घेऊन ते उमरीला गेले. साखराबाई दोन ताटं वाढून दाराकडे तोंड करून बसली होती. एका ताटातली भाकरी वाळून कडक झाली होती.

"आता दाराशीबी येत न्हाई," ती म्हणाली. "तू त्याला कुठं बोलावलंस रं?"

तेव्हा काकांना कायदा आठवला. लाइनमन घरी जात नसतो. हुकूम देणाऱ्यापुढे हजर होतो.

म्हातारी त्याच साली वाट बघत गेली. काकांनी मात्र मरेपर्यंत शेजारी एक रिकामी खुर्ची ठेवली आणि तिच्यावर कुणाला बसू दिलं नाही. रोज दुपारी त्या खुर्चीकडे बघून म्हणायचे, "जा रे घरी. माझं चुकलं. जा."

काका गेल्या वर्षी गेले. शेवटची अंघोळ मी घातली. उजवा कान तीनदा साबणाने चोळला.

काळं निघालं नाही.

ती खुर्ची आता माझ्या घरी आहे. भर मे महिन्यातही ती गार लागते… कुणी फौजेतलं हे वाचत असेल तर एवढं सांगा. लाइनमनला घरी पाठवायचा हुकूम कोणता असतो?