डिकीतला चौथा ठोका

पियूष चांदे गावच्या वळणावर टायरमध्ये हवा भरायला थांबला होता. हवा भरून झाली तरी गडी हलेना. शेजारच्या दुकानात मांडलेल्या स्पीकरच्या पेट्या निरखत उभा राहिला.

"काय पायजे?" दुकान चालवणाऱ्या गौतमीनं मागून विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तरी नाही. हिंजवडीचे साहेब, आपल्याशी कशाला बोलतील... असं पुटपुटत ती फणकाऱ्यानं पुढं आली. तेव्हा त्याच्या दोन्ही कानांतली यंत्रं तिला दिसली आणि तिची तिलाच लाज वाटली.

"समोरून बोला," तो हसून म्हणाला. "मी ओठ बघून ऐकतो."

बार्शीला असताना तो गणपतीत ढोल वाजवायचा. अकरावीतल्या तापानं कान नेले. यंत्रानं कामापुरतं ऐकू यायचं, पण ढोल मात्र त्यातून पत्र्यासारखा वाजायचा. गाडीच्या डिकीत सबवूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, बसवला तर ढोल पुन्हा अंगात वाजेल, एवढीच आशा. दोन दुकानांनी हसून वाटेला लावलं होतं.

"तुम्हीही नाही म्हणालात, तर नाद सोडून देईन."

"बसवू की," गौतमी बोलून गेली खरी. पण आण्णांनी, तिच्या वडिलांनी, दुकान तिच्या हाती सोपवून वर्षही झालं नव्हतं.

तिनं दोन पेट्या पुढं ठेवल्या. "ही भोकाची. लई घुमती, सगळे हीच नेत्यात. ही बंद. आवाज कमी, पण येकेक ठोका येगळा. तुमाला घुमणं पायजे का ठोका?"

तो तिच्या ओठांकडं बघत राहिला. "ठोका."

"असं टक लावून बघू नका."

"मग बोलू नका."

ती लाल झाली आणि डिकीचं माप घ्यायला वाकली.

तीन शनिवार लागले. एक पुरला असता, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिनं जाड फळ्या कापल्या, सांध्यांत गोंद भरला, आत कापूस लावला. तो वायर गालिच्याखालून ओढायला मदत करायचा आणि हात हाताला लागला की दोघंही वायरीकडंच बघायचे.

शेवटच्या शनिवारी पेटी डिकीत घट्ट बसली. "यंत्रं काढा," ती म्हणाली. "आमच्यात पेटी कानानं तपासत न्हाईत. तळव्यानं." त्यानं ती काढून खिशात ठेवली. तिनं त्याचा हात धरून पेटीच्या झाकणावर ठेवला, शेजारी आपला ठेवला, आणि त्यानं आणलेलं त्याच्या जुन्या पथकाचं रेकॉर्डिंग लावलं.

पहिला ठोका पडला... आणि पियूषनं श्वास रोखला. डोळे मिटले. लाकडातून, मनगटातून, छातीपर्यंत ढोल चढत गेला. गौतमीनं आजवर कितीतरी पेट्या तपासल्या होत्या, पण असा चेहरा पाहिला नव्हता. देवळाच्या गाभाऱ्यात माणूस जसा उभा राहतो तसा तो उभा होता, आणि तेही तिनं गोंद लावलेल्या लाकडापुढं.

"हा... हा मी आहे," तो कुजबुजला. "चौथा ठोका उशिरा येतोय ना? मला सगळे त्यावरून ओरडायचे." त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "सात वर्षांनी स्वतःला ऐकतोय."

गौतमीचेही डोळे भरले होते.

रेकॉर्डिंग संपलं. तो डिकीवर वाकलेलाच. "पेटी झाली," तो हळूच म्हणाला. "आता शनिवारी यायला कारण नाही उरलं."

"मला तुमी आवडता," ती त्याच्या पाठीशी बोलली. बोललेलं त्याला कळणार नाही, हे तिला माहीत होतं. म्हणून तर धीर झाला.

पण मग तिला स्वतःचाच राग आला. ज्याला सगळं समोरून लागतं, त्याच्याशी असं चोरून बोलायचं? त्याचा तळवा अजून झाकणावर होता. तिनं शेजारी हातानं वाजवलं. एक. दोन. तीन. मग थांबली. आणि चौथा, मुद्दाम उशिरा.

तो गर्रकन वळला.

आता ती समोर उभी होती. तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आवाज न करता, फक्त ओठांनी, सावकाश.

"कळलं," पियूष म्हणाला. "तरी परत सांगा ना... अजून एकदा बघायचंय."

तिनं सांगितलं.